काशीचे पैलतीर आणि हिवाळ्यातले पक्षी

वाराणसी हे नदीच्या एकाच काठावर वसलेले शहर आहे, आणि तिथल्या हिवाळी पक्ष्यांचा इतिहास पाहायचा तर सुरुवात या वस्तुस्थितीपासूनच करावी लागते. मिर्झापूरकडून येणारी गंगा रामनगरच्या किल्ल्यापाशी वळण घेते आणि तिथून राजघाटाच्या पुलापर्यंत जवळजवळ उत्तरेकडे वाहते. या उत्तरवाहिनी पट्ट्यात वळणाची बाहेरची बाजू पश्चिमेला येत असल्याने प्रवाहाचा जोर त्या काठावर पडतो, तिथे पाणी खोल राहते, आणि चुनखडीचे खडे मिसळलेल्या घट्ट चिकणमातीचा उंच कणा हा मारा सोसत उभा आहे. अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंतचे सारे घाट, पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे जिथे राहत आली ती दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाभोवतालची वस्ती, नागपूरकर भोसल्यांचा, शिंद्यांचा आणि अहिल्याबाईंच्या नावाचा घाट, हे सर्व याच कण्यावर आहे. वळणाच्या आतल्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि वाहून आणलेली वाळू खाली टाकतो. पावसाळ्यात हा सारा भाग पाण्याखाली जातो, आश्विनापासून तो हळूहळू उघडा पडू लागतो, आणि मार्गशीर्ष-पौषात घाटाच्या पायऱ्यांवरून पाहणाऱ्याला समोर फिकट वाळूचा एक लांब पट्टा आणि त्यामागे झाडांची बारीक रेघ एवढेच दिसते.

भूगोलाने जे केले त्यावर धर्मकल्पनेने शिक्कामोर्तब केले. काशीत देह ठेवला तर मोक्ष मिळतो, परंतु समोरच्या तीरावर मरण आले तर गाढवाचा जन्म येतो, ही समजूत उत्तर भारतात दूरवर पसरलेली आहे. रामनगरच्या बाजूला व्यासांचे देऊळ असून, शिवाच्या रोषामुळे काशीबाहेर जावे लागलेल्या व्यासांनी तिथे वास केला अशी कथा असल्याने त्या भागाला व्यासकाशी म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्याला राजा बलवंतसिंहाने रामनगरला किल्ला बांधला आणि त्याच्या आश्रयाला गाव वाढले, तरी घाटांच्या अगदी समोरचा पट्टा मोकळाच राहिला. बनारसी माणसाला तो परका मात्र नव्हता. होडीतून पलीकडे जायचे, भांग घोटायची, कपडे धुवायचे, मनसोक्त डुंबायचे आणि संध्याकाळी परत यायचे, या रिवाजाला तिथल्या बोलीत ‘बहरी अलंग’ म्हणतात, आणि निषाद किंवा मल्लाह, म्हणजे नावाड्यांच्या, समाजातली कुटुंबे पूर ओसरल्यावर त्याच वाळूत कलिंगड, खरबूज आणि काकडीचे वेल लावत आली. पैलतीरावर जावे, काम करावे, पण घर बांधू नये, असा हा संकेत होता. हिमालयापलीकडून येणाऱ्या पक्ष्यांना शहराच्या इतक्या जवळ शतकानुशतके जागा मिळत राहिली ती या संकेतामुळे. हा लाभ कुणाच्या दयाबुद्धीतून आला नव्हता. ती उपेक्षेची कमाई होती.

उघड्या वाळूचे महत्त्व पक्ष्यांच्या दृष्टीने सरळ आहे. चारही बाजूंना पाणी किंवा सपाटी असली की कोल्हा, कुत्रा किंवा माणूस लांबूनच दिसतो, म्हणून रात्री शेतांत चरणारे पक्षी दिवसाची विश्रांती अशा ठिकाणी घेतात. गंगेच्या या पट्ट्यात हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांमध्ये नारिंगी-पिवळसर अंगाचा चक्रवाक सर्वांत ठळक होय. ऑक्टोबरात तो येतो, मार्च-एप्रिलपर्यंत राहतो आणि वीण लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच प्रदेशात, कड्यांच्या कपारींत आणि बिळांत करतो. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस त्याच प्रदेशातून येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे अंगावर बसवून एकविसाव्या शतकात झालेल्या अभ्यासांत त्याचे उड्डाण सात हजार मीटरांच्या वरही नोंदले गेले आहे. यांच्या जोडीला तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव, म्हणजे नदी-समुद्राकाठी राहणारे पांढरे-राखाडी पाणपक्षी, मोठ्या संख्येने येतात; काळा करकोचा किंवा बहिरी ससाणा यांसारखे पक्षी मात्र क्वचित दिसतात, आणि आजचे छायाचित्रकार ज्यांच्यासाठी पहाटेची थंडी सोसतात ते हेच.

काशीच्या हंसांचा सर्वांत जुना विस्तृत उल्लेख पाली जातककथांमध्ये येतो. महाहंस जातकात वाराणसीच्या राजाची राणी खेमा हिला सोनेरी हंस धर्मोपदेश करीत असल्याचे स्वप्न पडते, आणि असा हंस आणून द्यावा असा हट्ट ती धरते. राजा यावर जो उपाय करतो तो लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे: तो एक विस्तीर्ण सरोवर खोदवतो, त्यात कमळे लावतो, तिथे उतरणाऱ्या पक्ष्यांना अभय असल्याची दवंडी पिटवतो आणि देखरेखीला एक पारधी नेमतो. आधी इतर जातींचे हंस येतात, त्यांच्याकडून वार्ता पसरते, आणि शेवटी चित्रकूट पर्वतावरचा सुवर्णहंसांचा राजा थव्यासह उतरून फाशात सापडतो. पुढे त्याचा सेनापती सुमुख त्याला सोडून जाण्याचे नाकारतो, ही निष्ठा पाहून पारधी विरघळतो, वगैरे बोधाचा भाग सर्वश्रुत आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र कथेची चौकट अधिक मोलाची ठरते. या कथांचे गद्य आजच्या स्वरूपात इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास स्थिरावले, असे मानले जाते. म्हणजे त्या काळी तरी एवढे ज्ञान रूढ होते की पाणी साठवले, खाद्य ठेवले आणि उपद्रव थांबवला तर लांबचे पक्षी नव्या जागीही येतात, आणि एक जात उतरलेली पाहून दुसरी उतरते. महाराष्ट्रात गोदावरीवरच्या जायकवाडीच्या आणि भीमेवरच्या उजनीच्या जलाशयांवर पट्टकादंब आणि चक्रवाक दिसतात ते याच न्यायाने, कारण हे दोन्ही जलाशय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहेत आणि पक्ष्यांनी ते आपणहून हेरले. तिथे खेमा राणीच्या हट्टाची जागा पाटबंधारे खात्याने घेतली, एवढाच फरक.

कथेतले अभय हे पकडण्यासाठी दिलेले आमिष होते. खरे राजाज्ञेचे अभय त्याहून कितीतरी जुने आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाली असता, ज्या प्राण्यांना मारू नये असे ठरवले त्यांची यादी कोरलेली आहे, आणि पोपट व साळुंकीच्या पाठोपाठ तीत चक्रवाक आणि हंस यांची नावे येतात. हा लेख सारनाथच्या स्तंभावर नाही, तिथला लेख संघातल्या फुटीविषयी आहे. परंतु गंगेनेच वर गेल्यावर लागणाऱ्या प्रयागच्या स्तंभावर तो आहे. या लेखांची लिपी १८३७ मध्ये ज्याने उलगडली तो जेम्स प्रिन्सेप त्यापूर्वी दहा वर्षे, १८२० ते १८३०, बनारसच्या टाकसाळीत धातूंची कस-परीक्षा करणारा अधिकारी होता. शहराचा नकाशा त्याने तयार केला, घाटांची त्याने काढलेली चित्रे १८३० च्या दशकात प्रसिद्ध झाली, आणि जुन्या काशीचे रूप आज डोळ्यांपुढे येते ते मोठ्या प्रमाणावर या चित्रांमुळे. त्यांत नजर बहुतेक वेळा पाण्यावरून पश्चिमेच्या काठाकडे लागलेली असते, म्हणजे चित्रकाराची पाठ वाळूकडे असते. नंतरच्या काळातल्या चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनीही हीच दिशा पत्करली, आणि त्यामुळे भारतात ज्या नदीकाठाची एवढी चित्रे निघाली त्याच्या समोरच्या काठाची चित्रे शोधूनच काढावी लागतात.

संस्कृत काव्याने चक्रवाकाला फार मोठे स्थान दिले, पण ते संकेताचे स्थान होते. दिवसभर एकत्र असणारी जोडी शापामुळे रात्री नदीच्या दोन तीरांवर विभागली जाते आणि एकमेकांना साद घालत राहते, ही कविकल्पना पुढे देशी भाषांत उतरली आणि मराठी संतवाङ्मयातही चकोर-चातकांच्या पंक्तीला चक्रवाक येऊन बसला. या कल्पनेच्या मुळाशी निरीक्षण नव्हते असे म्हणता येत नाही, कारण हा पक्षी रात्रीही सावध असतो, रात्री चरतो, आणि त्याचा घोगरा, दूरवर जाणारा आवाज अंधारात पाण्यावरून ऐकू येतो. जोडी फुटल्याचा अर्थ मात्र ऐकणाऱ्याने जोडलेला आहे. परंतु काव्यात विपुल पक्षी येतात, दुर्मीळ येत नाहीत. दुर्मीळपणा ही यादीतून जन्मणारी कल्पना आहे. कोणते पक्षी किती आणि कुठे असायला हवेत याची नोंद असल्याखेरीज एखादा पक्षी विरळ आहे असे म्हणण्याला आधारच राहत नाही.

अशा याद्या बंदुकीने आणल्या. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम मराठी वाचकाला राष्ट्रसभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ठाऊक असतो, पण त्याआधी तो वायव्य प्रांतातला सनदी अधिकारी आणि भारतीय पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्राहक होता. १८७२ मध्ये त्याने ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक सुरू केले, आणि १८७९ ते १८८१ या काळात मार्शल या सहलेखकाबरोबर शिकारीच्या पक्ष्यांवरचा तीन खंडांचा ग्रंथ काढला. त्याचे वार्ताहर ठिकठिकाणचे लष्करी, रेल्वेचे आणि महसुलाचे अधिकारी होते. ते पक्षी मारीत, कातडी सोलून भरीत आणि तारीख-स्थळासह पाठवीत. गंगेच्या वाळूवरचे हंस आणि बदके या मंडळींना मुख्यतः शिकार म्हणून हवी असत, आणि तिथे चक्रवाक त्यांच्या वाटेत येई. त्याचे मांस चविष्ट नाही, हिंदूंमध्ये तो अवध्य मानला जाई, आणि होडी दिसताच ओरडून तो शेजारच्या साऱ्या पक्ष्यांना उडवून लावी, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शिकारी लेखनात त्याच्याविषयी वैतागाचा सूर पुन्हा पुन्हा लागतो. बंदूक जाऊन कॅमेरा आला तरी या वैतागात काही फरक पडलेला नाही.

कायद्याने या पक्ष्यांना फार उशिरा हात दिला. १८८७ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा नगरपालिकांच्या आणि छावण्यांच्या हद्दीत विणीच्या हंगामापुरती पक्षी बाळगण्यावर आणि विकण्यावर बंदी घालू देई. हिवाळी पाहुणे विणीच्या हंगामात इथे नसतातच, तेव्हा या तरतुदीचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. १९१२ च्या कायद्याने बंदीचा काळ ठरवण्याची सत्ता प्रांतिक सरकारांना दिली, आणि सर्वसाधारण शिकारबंदीची चौकट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आली. मधल्या काळात गंगेच्या खोऱ्यातला एक पक्षी नाहीसाही झाला: गुलाबी डोक्याचे बदक, जे पाहुणे नसून इथलेच रहिवासी होते, ते १९३५ मध्ये बिहारातल्या दरभंग्याकडे शेवटचे खात्रीलायक नोंदले गेले. त्याची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत ती इंग्लंडमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची आहेत.

छायाचित्रणाच्या इतिहासातही हिवाळी पक्षी असेच मागे राहिले आणि त्याचे कारण कायद्याच्या बाबतीतल्याशी विलक्षण जुळते: इथेही सारे विणीवर बेतलेले होते. काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेणारे जुने कॅमेरे जड होते, त्यांना प्रकाश भरपूर लागे, दूरचे जवळ आणणारी भिंगे दुबळी होती. अशा साधनाने उडत्या किंवा बुजऱ्या पक्ष्याचे चित्र निघणे अवघड, म्हणून छायाचित्रकाराने घरट्याचा आश्रय घेतला. घरट्यापाशी पक्षी ठरावीक जागी परत येतो, आणि जवळ कापडाचे किंवा गवताचे लपण, म्हणजे छायाचित्रकाराला दडून बसण्याचा आडोसा, उभे केले की काम साधते. बेट्स आणि लोथर या भारतात छायाचित्रण करणाऱ्या दोघा अग्रणींची पुस्तके, विशेषतः १९४९ चे लोथरचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’, या घरट्यांच्या छायाचित्रणाचीच परंपरा दाखवतात. ज्याचे घरटे तिबेटात आहे त्या हंसाला बनारसमध्ये या पद्धतीने गाठणे शक्य नव्हते. त्यामुळे डग्लस ड्यूअरसारखा सनदी अधिकारी १९१६ मध्ये उत्तर भारतातल्या पक्ष्यांचे महिनावार पंचांग लिहून पाहुण्यांच्या येण्याजाण्याचे बारकावे देऊ शकला, तरी त्या पाहुण्यांची चांगली छायाचित्रे निघायला लांब पल्ल्याची भिंगे आणि पुढे डिजिटल कॅमेरा यावा लागला. आता मात्र पारडे फिरले आहे: विणीच्या काळात घरट्याजवळ जाणे जबाबदार छायाचित्रकारांत निषिद्ध ठरल्यामुळे घरट्याविना आलेले हिवाळी पक्षी हेच त्यांचे मुख्य लक्ष्य बनले आहेत.

दरम्यान पक्षी कुठून येतात या प्रश्नाचे उत्तर वेगळ्याच वाटेने मिळत गेले. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूर वनज्वराची साथ उद्भवली, तिचा विषाणू सायबेरियाकडचे पक्षी आणत असावेत असा संशय आला, आणि १९५९ मध्ये सलीम अलींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. या कामात पक्षी इजा न होता धरण्याचे कसब लागे, आणि ते पुरवले बिहारातल्या मीरशिकारांनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणाऱ्या समाजाने. खेमा राणीच्या पारध्याचा धंदा अशा रीतीने विज्ञानाच्या चाकरीत आला. बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने वाळूवरच्या बदकांऐवजी भारीट या छोट्या, धान्य खाणाऱ्या पाहुण्या पक्ष्यावर प्रयोग केले. बंदिस्त पक्ष्यांना कृत्रिम प्रकाशाने दिवस मोठा झाल्याचा भास दिला की त्यांच्या अंगात प्रवासाची चरबी साठू लागते आणि प्रजननाची इंद्रिये वाढतात, हे तिथल्या संशोधनातून तपशिलाने मांडले गेले.

आजच्या छायाचित्रण-सफरीचा खरा सूत्रधार नावाडीच आहे. काशीचा सूर्योदय घाटावरून किंवा होडीतून पूर्वेकडे तोंड करून पाहण्याची रीत आहे आणि यात्रेकरूला ती सोयीची आहे, परंतु छायाचित्रकाराला हीच दिशा नडते, कारण सकाळी सूर्य वाळूवरच्या पक्ष्यांच्या पाठीमागे असतो आणि पक्षी काळ्या आकृतीसारखे उमटतात. पौषातले धुके तर कित्येकदा दहा वाजेपर्यंत हटत नाही. म्हणून ज्याला पिसांचे रंग हवे असतात तो एकतर होडी वळसा घालून पूर्वेकडून आणवतो, नाहीतर तिसऱ्या प्रहरी निघतो, जेव्हा घाटांच्या मागे कलणारा सूर्य समोरच्या वाळूवर सरळ प्रकाश टाकतो. होडी थेट थव्याकडे नेली तर पक्षी उठतात. तिरकी, प्रवाहाबरोबर, वल्हे पाण्याबाहेर काढून सोडली तर ते बराच वेळ बसून राहतात. हे ज्ञान पुस्तकातले नाही, आणि यंत्राच्या होड्या वाढल्यापासून ते उपयोगात आणणारे नावाडीही कमी होत आहेत.

गेल्या काही दशकांत घाटांच्या बाजूला एक नवा रिवाज रुजला आहे: होडीतल्या प्रवाशांनी नावाड्याकडून शेवेच्या पुड्या विकत घ्यायच्या, ‘आओ आओ’ अशी हाक ऐकून जमणाऱ्या कुरवांना ती शेव टाकायची, आणि पंखांच्या गर्दीत आपले छायाचित्र काढून घ्यायचे. या पक्ष्यांना तिथे सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात, जरी त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवरून आलेले असतात. तळलेले खारट पीठ हे मासे आणि कीटक खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे, आणि प्रशासनाने तसे बजावलेही आहे; तरीही या दृश्याची लोकप्रियता एवढी आहे की बनारसचा हिवाळी पक्षी म्हटले की बहुतेकांना आता हाच कुरव आठवतो. चक्रवाक आणि पट्टकादंब या व्यवहारात उतरलेले नाहीत. ते पलीकडेच राहतात.

पलीकडची वाळू मात्र आता उपेक्षित राहिलेली नाही. १९८६ मध्ये गंगा कृती योजना वाराणसीतूनच सुरू झाली आणि तिच्या अंतर्गत १९८९ मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटाच्या मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटर पात्र कासव अभयारण्य घोषित झाले. सारनाथच्या केंद्रात अंडी उबवून वाढवलेली मांसाहारी कासवे नदीत सोडायची आणि त्यांनी अर्धवट जळालेले मृतदेह खाऊन पाणी स्वच्छ ठेवायचे, अशी ही कल्पना होती. कासवांनी किती काम केले याविषयी मते भिन्न आहेत. परंतु वाळूउपसा आणि मासेमारी बंद झाल्याने पक्ष्यांना, कुणी तसे योजलेले नसताना, कायदेशीर संरक्षण लाभले, आणि त्याची किंमत ज्या मल्लाहांची उपजीविका वाळूवर होती त्यांनी मोजली. वाळू न उपसल्यामुळे प्रवाह घाटांकडे रेटला जातो, असे काही नदीतज्ज्ञांचे म्हणणे पुढे आले. दुसरीकडे राष्ट्रीय जलमार्गासाठी रामनगरला २०१८ मध्ये मालवाहू जहाजांचे बंदर उघडले, आणि २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेऊन कासवांसाठी प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांतल्या पात्रात नवे अभयारण्य ठरवण्यात आले. २०२१ मध्ये वाळूतून सुमारे पाच किलोमीटर लांबीचा कालवा खोदला गेला आणि त्याच वर्षीच्या पुरात तो बुजला. २०२३ च्या जानेवारीत, म्हणजे नेमक्या पक्ष्यांच्या मोसमात, त्याच वाळूवर पर्यटकांसाठी तंबूनगरीचे उद्घाटन झाले, आणि तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागितली गेली.

चक्रवाक आणि हंस अशा वेळी नदीवर खाली-वर सरकतात. शहराच्या खाली कैथीपाशी गोमती गंगेला मिळते तिथे मार्कंडेय महादेवाचे देऊळ आहे, आणि त्या संगमाच्या आसपास दोन्ही नद्यांची वाळू अजून बऱ्याच अंशी निर्जन आहे. नव्या पिढीचे छायाचित्रकार घाटांऐवजी तिकडे वळू लागले तर त्यात नवल नाही. त्यांच्या प्रत्येक चित्रावर कॅमेरा आपोआप तारीख आणि वेळ उमटवतो. ह्यूमच्या वार्ताहरांना जी नोंद चिठ्ठीवर लिहून मेलेल्या पक्ष्याच्या पायाला बांधावी लागे, ती आता जिवंत पक्ष्याच्या चित्रासोबत मिळते, आणि या पात्राचा पुढचा इतिहास लिहिताना तिचाच आधार घ्यावा लागणार आहे.